देवाच्या माथी मारू नका

मानपाड्याच्या नाक्यावर सकाळी सात ते दहा आंबोळ्या विकणाऱ्या रंगूबाई घाडी यांच्याशी देवाच्या विषयावर वाद घालायला जाऊ नये. नव्या गिऱ्हाइकाला हे ठाऊक नसतं. "मावशी, देव वगैरे काही नसतं हो," असं एखादा पोरगा हसत हसत बोलून जातो आणि मग त्याची आंबोळी तव्यावरच राहते. आधी त्याला ऐकून घ्यावं लागतं, आंबोळी नंतर. पण "देवाने असं केलं, देवाने तसं केलं" म्हणत रडगाणं गाणाऱ्यालाही बाई सोडत नाहीत, हे पुष्कळांना उशिरा कळतं.

कणकवलीच्या पलीकडच्या गावातून लग्न होऊन त्या एकोणिसाव्या वर्षी कल्याणजवळ मोहन्याला भाड्याच्या खोलीत आल्या. चार वर्षांत नवऱ्याचं, गुणाजीचं, पहिलं काम सुटलं. आठ महिन्यांची मुलगी तापाने गेली. त्या दिवसांत रंगूबाई रोज देव्हाऱ्यासमोर बसून देवाला चांगलं खडसावायच्या. "आंधळा आहेस काय रे? दिसत नाय तुला?" असं तोंडावर विचारायच्या आणि मग उठून दिवा लावायच्या. दिवा एक दिवस चुकला नाही. "त्याच्या मनात काहीतरी असेल. मला सांगत नाय, तो त्याचा स्वभाव," असं म्हणून त्यांनी शेजारणीकडून बिडाचा तवा उसना आणला आणि पहिली आंबोळी टाकली. पुढे त्या तव्याने घर तोलून धरलं. यात देवाचा हेतू होता, ही रंगूबाईंची पक्की खात्री. तेवढ्यात भागलं नसतं तरीही खात्री राहिलीच असती, हे त्या वर बजावून सांगतात.

गुणाजीला नंतर मानपाड्याच्या मागे, एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीत बॉयलरवर काम मिळालं. बावीस वर्षं त्याने तो बॉयलर सांभाळला. कमी बोलणारा माणूस. पण वर्षातून एक दिवस त्याचा आवाज अख्ख्या कंपनीला ऐकू जायचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, कंपनीत यंत्रांची पूजा व्हायची, आणि पूजा झाली की नारळ हातात घेऊन गुणाजी गाऱ्हाणं घालायचा. गाऱ्हाणं म्हणजे कोकणातल्या माणसाने देवाला सगळ्यांच्या वतीने, मोठ्याने, उघड केलेली विनवणी. एकाने एकेक वाक्य म्हणायचं आणि जमलेल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून त्याला हुंकार द्यायचा. कंपनीत अर्धे लोक कोकणातले, उरलेले उत्तरेकडचे आणि घाटावरचे, पण बावीस वर्षांत सगळ्यांना ते "व्हय म्हाराजा" पाठ झालेलं. या हुंकाराचा एक नियम आहे. ज्याला व्हय म्हटलं, त्यावरून माणसाने मागे फिरायचं नाही, कारण ते माणसाला नाही, देवाला म्हटलेलं असतं. गुणाजी म्हणायचा, खोटं गाऱ्हाणं घालण्यापेक्षा मुकं राहिलेलं बरं.

जून महिन्यात बॉयलर फुटला. दोघे भाजले, ते वाचले. गुणाजी जागच्या जागी गेला.

मग सुरू झाली माणसांची रीघ, आणि रंगूबाईंच्या संतापाचे दिवस. शेजारच्या सोसायटीतल्या सुमतीकाकू, निवृत्त शिक्षिका, मन चांगलं असलेली बाई, पण बसल्या बसल्या म्हणाल्या, "रंगूबाई, प्रत्येक गोष्टीमागे परमेश्वराचा काहीतरी हेतू असतो. आपल्याला कळत नाही एवढंच."

"असेल ना. मी कुठे नाय म्हणते?" रंगूबाई म्हणाल्या. "पण मला कळत नाय, तर तुम्हाला कसा कळला? तुम्हाला काय वेगळा निरोप आला?"

सुमतीकाकू उठल्या. चहा न घेताच गेल्या बिचाऱ्या. नंतर रंगूबाईंना वाईटही वाटलं, पण राग काही उतरला नाही. कारण जो येईल तो तेच. देवाची मर्जी. विधिलिखित. वेळ आली होती. अरे, वेळ आली होती म्हणजे काय? गुणाजी काय पिकलं पान होता? छप्पन वर्षांचा टणटणीत माणूस!

आणि रंगूबाईंना एक गोष्ट ठाऊक होती, जी या मर्जीवाल्यांना ठाऊक नव्हती. बॉयलरमध्ये वाफेचा दाब फार वाढला तर ती आपोआप बाहेर पडावी म्हणून एक सेफ्टी वॉल्व असतो. तो वॉल्व दीड महिना गळत होता. काम थांबवून नवा बसवा, असं गुणाजीने कामाच्या वहीत तीनदा लिहून दिलं होतं. काम थांबवायचं नव्हतं. ऑर्डर होती ना परदेशची! तर वरून हुकूम आला, वॉल्व आवळून बंद करून टाका, वाफ वाया जाते. गुणाजीने हात लावायला नकार दिला. मग ते काम हेल्पर रामाकडून करून घेतलं. हे सगळं गुणाजीने आदल्या संध्याकाळी जेवताना सांगितलं होतं. भाताचा घास हातात तसाच ठेवून म्हणाला होता, "रामाने दोनदा पाना खाली ठेवला गे. त्याला दोष नाय देत मी. पण बरं नाय केलं."

रंगूबाईंनी हे पोलिसाला सांगितलं. त्याने विचारलं, "तुम्ही स्वतः पाहिलं?" नाही, नवऱ्याने सांगितलं. "ऐकीव चालत नाही, मावशी." वही? वही आगीत जळली, असं कंपनी म्हणाली. मोठी सोयीची आग, बाकी ऑफिसातला एक कागद करपला नाही आणि ती वही तेवढी जळली! उरला रामा. रामा त्यांच्याच गावाकडचा, शेजारच्या वाडीतला. वीस वर्षं रंगूबाईंच्या हातचं खाल्लेला. अंत्यविधीला सगळ्यात मोठ्याने रडला तो रामा, आणि सगळ्यात मोठ्याने "देवाची मर्जी, वयनी" म्हणाला तोही रामाच.

सप्टेंबरात कंपनीचे मॅनेजर प्रफुल्ल साहेब घरी आले. बूट दाराबाहेर नीट काढून, फोटोला हात जोडून बसले. बोलणं कसं, साखरेत घोळलेलं. "काकू, गुणाजी म्हणजे आमच्या घरचे होते. साईनाथची काळजी करू नका." साईनाथ, रंगूबाईंचा एकुलता एक मुलगा, त्याच कंपनीत पॅकिंगला कंत्राटी कामगार होता. चार वर्षं दर अकरा महिन्यांनी काढायचं आणि पुन्हा घ्यायचं, असा त्याचा खेळ चाललेला. "नवा बॉयलर बसतोय. खंडेनवमीला पूजा करून कंपनी चालू करायची. त्याच दिवशी साईनाथच्या हातात पर्मनंटचं लेटर. फक्त ही एक छोटीशी फॉर्मॅलिटी."

कागद रंगूबाईंनी स्वतः वाचला. सातवी शिकलेल्या होत्या. 'सदर घटना ही दैवी आपत्ती असून त्यात कोणाचाही हलगर्जीपणा नाही. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.'

"दैवी आपत्ती म्हणजे?"

"म्हणजे देवाची करणी, काकू. जे माणसाच्या हातात नसतं ते."

"देवाने बॉयलर फोडला, असं मी लिहून देऊ?"

"तसं शब्दशः नाही, पण..."

"मग यावर देवाची सही कुठाय?" रंगूबाईंनी कागद उलटून पालटून बघितला. "माझी मागता, साक्षीदाराची मागता. ज्याने केलं म्हणता त्याची नको?"

प्रफुल्ल साहेब ओशाळं हसले. खंडेनवमीपर्यंत विचार करा म्हणाले आणि बूट घालून गेले.

पण बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती चार दिवसांनी. त्या आत तांदूळ वाटत होत्या आणि बाहेरच्या खोलीत साईनाथ काहीतरी पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचत होता. "हे देवा महाराजा, जे झालं ते तुझ्या इच्छेने झालं. यात कोणाचा दोष नाही. कंपनीवर आणि मालकांवर तुझी कृपा अशीच राहू दे." वाटण तसंच टाकून त्या बाहेर आल्या. साईनाथच्या हातात नवा करकरीत छापील कागद होता, वर लॅमिनेशन केलेलं.

"काय आहे हे?"

"गाऱ्हाणं. प्रफुल्ल सरांनी टाईप करून दिलंय. बाबांच्या जागी मी घालायचं म्हणतायत. गाऱ्हाण्याचा मान आपला, घाड्यांचा."

गाऱ्हाणं! टाईप केलेलं! ज्या माणसाने जन्मात खोटं गाऱ्हाणं घातलं नाही, त्याच्या मरणाचं खोटं गाऱ्हाणं त्याच्या पोराच्या तोंडून वदवून घेणार होते हे लोक, तेही वर प्लास्टिक चढवून. "लाज नाय वाटली रे तुला? बापाने तीनदा लिहून दिलं होतं. ती वही त्यांनी जाळली आणि हे कागद छापले?"

"आई, लाज वाटून पोट भरत नाही!" साईनाथही भडकला. "चार वर्षं घासतोय मी तिकडे. पर्मनंट झालो तर तुला उन्हात नाक्यावर बसायला नको. आणि मी काय वेगळं बोलतोय? तूच म्हणतेस ना कायम, देवाच्या मनात असतं म्हणून? छोटी गेली तेव्हा देवाच्या मनात होतं. बाबांचं काम सुटलं तेव्हा देवाच्या मनात होतं. मग आता काय झालं? आताच देव बदलला?"

बाई आत जाऊन टाकलेलं वाटण वाटायला बसल्या. एवढी वर्षं वादात कोणी त्यांना हरवलं नव्हतं, ते पोटच्या पोराने हरवलं. खोटं थोडंच बोलत होता तो? त्यांचंच वाक्य होतं. त्यांनी ते रडू आवरायला वापरलं होतं, कंपनी तोंड लपवायला वापरत होती, पण शब्द तर तेच होते. दोन दिवस त्या जेवल्या नीट नाहीत. मुलगी तापाने गेली तेव्हा आपण वेळेवर डॉक्टरकडे नेलं होतं का, हेही त्यांनी स्वतःला विचारलं. नेलं होतं. दोन डॉक्टर केले होते. हातात होतं ते सगळं केलं होतं आणि मग उरलेलं देवाला दिलं होतं. इथे कोणी काय केलं होतं? वॉल्व आवळला होता! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताट पुढे ओढून त्या साईनाथला एवढंच म्हणाल्या, "माझ्या देवाचं आहे ते मी देवाला विचारीन. वॉल्वचं मालकाला विचारायचं. दोन्ही एकत्र कालवू नकोस." साईनाथने त्यांच्या ताटात भात वाढला. कागद मात्र त्याच्या बॅगेतच होता.

दुसऱ्या सकाळी रामा नेहमीसारखा नाक्यावर आला. दोन आंबोळ्या, काळ्या वाटाण्याची उसळ. रंगूबाईंनी वाढलं, तो अर्धा खाऊन होईपर्यंत थांबल्या आणि विचारलं, "रामा, वॉल्व कोणी आवळला रे?"

रामाने हातातला घास ताटात परत ठेवला. इकडे तिकडे बघत म्हणाला, "वयनी, आता त्याचा काय उपयोग? देवाची मर्जी होती."

"देवाच्या हातात पाना होता?" बाईंनी उलथनं तव्यावर असं आपटलं की रिक्षावाले वळून बघायला लागले. "तुझ्या हातात होता. तुला सांगणाऱ्याच्या तोंडात हुकूम होता. देवाला कशाला मध्ये ओढतोस? तो बिचारा बोलू शकत नाय म्हणून?"

"मला दोन पोरी आहेत, वयनी," रामा रडवेल्या आवाजात म्हणाला. "आणि मीच अडकेन. हात माझा होता." ताट तसंच ठेवून तो निघून गेला. रंगूबाईंनी त्याला हाक मारली नाही. त्याच्या पोरींची नावं त्यांनीच ठेवली होती, त्यामुळे त्यांना जास्तच चीड आली.

खंडेनवमीला कंपनीत झेंडूच्या माळाच माळा. नवा बॉयलर चकचकीत, त्याला हळदकुंकू, हार. शेठ सहकुटुंब आलेले. सव्वाशे कामगार दाटीने उभे. रंगूबाईंना मागे, बायकांच्या खुर्च्यांत, पहिल्या रांगेत बसवलेलं, सही करायचा कागद प्रफुल्ल साहेबांच्या फाईलमध्ये तयार. पूजा झाली, भटजी बाजूला झाले. साईनाथ पुढे आला. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात ते प्लास्टिकवालं गाऱ्हाणं.

"हे देवा महाराजा, आज आम्ही सगळी तुझी लेकरं जमलोय..."

"व्हय म्हाराजा!" सव्वाशे गळ्यांतून सवयीने आवाज आला.

"जे झालं ते..." साईनाथ थांबला. पुन्हा कागदात बघितलं. "जे झालं ते तुझ्या..." पुढचा शब्द निघेना. प्रफुल्ल साहेबांनी हळूच "वाच, वाच" केलं. साईनाथने मान वळवून आईकडे बघितलं. पर्मनंटच्या लेटरवर पाणी पडलं हे त्याला त्या क्षणी कळलेलं होतं, आणि तरी त्याला वाचता येत नव्हतं.

रंगूबाई उठल्या. बाईमाणसाने असं गाऱ्हाणं घातलेलं त्या गर्दीत कोणी पाहिलं नव्हतं. त्यांनी स्वतःही नव्हतं. मधून वाट काढत त्या पुढे गेल्या, पोराच्या हातातला नारळ घेतला, पदर खोचला, आणि गावच्या बोलीत, गुणाजीच्याच चढ्या सुरात सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! ह्यां गाऱ्हाणां दरवर्षी माझो घोव घाली. औंदा तो नाय, म्हणान मी घालतंय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तू तेका कित्याक बोलवलंस, ता तुझा तुका म्हायत. तेचो जाब मी हय मागूचंय नाय. थय इलंय काय इचारीन रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" त्याला का नेलंस हे तुझ्याकडे आल्यावरच विचारीन, हे ऐकून काहींचे डोळे भरून आले.

"पण वॉल्व गळत होतो, ह्यां तुझ्या मनात नव्हतां. वहीत होतां रे म्हाराजा! तीनदा लिवलेलां होतां!"

हुंकार आला नाही. प्रफुल्ल साहेब पुढे सरकले, "काकू, काकू, प्लीज," शेठ कोणाला तरी खुणा करायला लागले. पंखे बंद होते. बाईंनी नारळ वर धरला, त्यांचा हात दुखायला लागला होता, आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. गाऱ्हाण्यात हुंकार मिळेपर्यंत पुढचं वाक्य बोलायचं नसतं.

मग उजव्या बाजूने, बॉयलरच्या जवळून, एकच आवाज आला. फाटका, रडका.

"व्हय म्हाराजा."

रामा होता. त्याने दोन्ही हात जोडले होते. त्याच्या शेजारचा बोलला, मग त्याच्या मागचा, आणि बघता बघता तो शब्द पत्र्यापर्यंत गेला. बाईंनी शेवटचं वाक्य टाकलं, "जो कोण आपली चूक तुझ्या माथी मारीत, तेका तूच बघून घे रे म्हाराजा!" तेव्हा "व्हय म्हाराजा" म्हणणाऱ्यांत भटजीही होते.

त्या दिवशी साईनाथला लेटर मिळालं नाही. उलट गेटवरचा पासही काढून घेतला. चालायचंच, असं कोणी म्हणेल, तर अजिबात चालायचं नाही! चार वर्षं राबलेल्या पोराला असं हाकलायचं म्हणजे काय? रंगूबाई आजही या गोष्टीवरून नाक्यावर भर गर्दीत चढ्या आवाजात बोलतात, आणि बोलायलाच पाहिजे.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी स्फोटाची सरकारी चौकशी करणाऱ्या मॅडम कंपनीत आल्या. तीन महिन्यांत ज्यांनी "आम्हाला माहीत नाही" असं लिहून दिलं होतं, त्यांतल्या अकरा जणांनी जबाब बदलले. शेवटी रामा आत गेला. रंगूबाई दाराशी बाकावर होत्या, त्यांना सगळं ऐकू येत होतं.

"वॉल्व मी आवळला," रामा म्हणाला. "कोणी सांगितलं तेही सांगतो, लिहून घ्या."

मॅडमनी विचारलं, "जूनमध्ये का नाही सांगितलंत? आता सांगून तुमच्यावरच येऊ शकतं, कळतंय ना?"

"कळतंय मॅडम. पण देवाला व्हय म्हणून बसलोय. आता तुम्हाला नाय कसं म्हणू?"

अर्ध्या तासाने तो बाहेर आला. रंगूबाईंच्या पायाशी बसला आणि विचारलं, "वयनी, आता माझं काय होणार?"

इतकी वर्षं अशा वेळी त्यांच्या तोंडी एकच वाक्य यायचं, देवाच्या मनात काहीतरी असेल. आताही ते ओठावर आलं. पण त्यांनी ते गिळलं. त्याला माफ केलं की नाही, हे त्यांचं त्यांनाही ठरवता येत नव्हतं. मग त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"मला ठाऊक नाय रे," त्या म्हणाल्या. "पण आतापर्यंत झालं ते माणसांनी केलेलं. तुझ्या हातात होतं ते तू आज केलंस. आता यापुढे जे होईल ना, त्याला देवाचं नाव द्यायला माझी हरकत नाय."